कुठल्या भागात कुठलं औषध जास्त जातं, हे आकडे सगळ्यांना बघायला का नकोत?

वारजेकर
आईचा घसा धरला म्हणून इथल्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, तीन दिवसांनी बघू. त्याच आठवड्यात कात्रजला मामांचंही तसंच झालं तर तिथे पहिल्याच दिवशी अझिथ्रोमायसिन ५००, म्हणजे थेट अँटिबायोटिक. दोघांचं दुखणं वेगळं असेल, मान्य, पण तेव्हापासून डोक्यात आहे की ही त्या एका डॉक्टरची पद्धत की अख्ख्या एरियाचीच सवय? इंग्लंडात हे घरबसल्या कळतं. तिथे कुठल्या जीपीने (म्हणजे फॅमिली डॉक्टरने) कुठलं औषध किती लिहिलं हे एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, दर महिन्याला जाहीर करते, पेशंटचं नाव नसतं, आणि ऑक्सफर्डच्या बेन गोल्डेकरच्या टीमने २०१५ मध्ये त्यावर ओपनप्रिस्क्रायबिंग नावाची साइट काढली, चहा पिता पिता कोणीही बघावं. त्याआधी २०१२ मध्ये तर नुसत्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा नकाशा काढलेला, काही भागात स्वस्त जेनेरिक आणि काही भागात तेच काम करणारी महागडी ब्रँडेड गोळी. पुण्यात वॉर्डवार असं का होऊ नये?

हडपसरचा_जीपी
आले नकाशेवाले. अहो माझ्याकडे येणारा माणूस कंत्राटी कामगार असतो, एक खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, त्याला तीन दिवसांनी या म्हटलं की तो शेजारच्या गल्लीत इंजेक्शन घ्यायला जातो. तुमच्या आईला रिक्षाने परत आणायला तुम्ही आहात. हे तुमच्या नकाशात कुठे दिसणार? आणि जानेवारी २०२५ आठवा, सिंहगड रोडला जीबीएसची साथ, हातापायातली ताकद जाते तो नसांचा आजार. पेशंटच्या पत्त्यावरून त्यावरच्या आयव्हीआयजी इंजेक्शनचा नकाशा काढला असता तर नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी लालभडक, आणि तुम्ही इथे धागा काढला असता की तिथले डॉक्टर महागडी इंजेक्शनं उधळतायत. दोष पाण्याचा होता हो.

वारजेकर
डॉक्टर, हे तर माझ्याच बाजूचं झालं की. लाल दिसलं म्हणून कोणी जाऊन बघितलं तर पाणीच सापडेल ना! लाल म्हणजे चोर असं मी कुठे म्हटलं? अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात कर्मिट म्हणून चारशे वस्तीचं गाव आहे, तिथल्या एका मेडिकलला दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख हायड्रोकोडोनच्या गोळ्या गेल्या, म्हणजे अफूच्या जातीचं, व्यसन लावणारं पेनकिलर. माणशी वीस हजाराच्या वर!! लांबलांबून लोक गाड्या करून तिथे यायचे. आकडे सरकारकडे येत होते, बघत कोणी नव्हतं.

पेठेतला_मेडिकलवाला
दोघंही भांडा पण आधी आकडे आणणार कुठून ते ठरवा. होलसेलच्या बिलांवरून काढलेत तर पुण्यात सगळ्यात आजारी सदाशिव पेठ निघेल, कारण अर्ध्या जिल्ह्याचा माल इथून उचलला जातो 😄 बरं डॉक्टरच्या चिठ्ठीवरून म्हणाल तर चिठ्ठी असते कुणाकडे? सेफिक्झिम हे अँटिबायोटिक शेड्यूल एच-वनला आहे, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या जास्त कडक यादीत, २०१४ पासून पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या सगळं रजिस्टरला लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. महिनाअखेरीला एका बैठकीत एकाच पेनाने भरलेलं रजिस्टर मी बघितलंय, कुणाचं ते सांगत नाही. आणि तुमच्या मामांची अझिथ्रो तर साध्या एच मध्ये, त्या रजिस्टरला येतच नाही. चिठ्ठी त्यालाही लागते, कागदावर.

आकडेमोड
मेडिकलवाले भाऊंचा मुद्दा सगळ्यात भारी. देशपातळीवर २०१९ चे जे अँटिबायोटिकचे आकडे अभ्यासले गेले ते प्रायव्हेट कंपनीने स्टॉकिस्टकडून (म्हणजे दुकानांना माल देणाऱ्या घाऊक विक्रेत्यांकडून) गोळा केलेले विक्रीचे होते, डॉक्टरने काय लिहिलं त्याचे नाहीत. त्यात अझिथ्रो ५०० च एक नंबरला होती, सेफिक्झिम २०० तिच्या मागे. माणशी वापरात दिल्ली वरती, मध्य प्रदेश तळाला. आता मध्य प्रदेशातले डॉक्टर फार संयमी असं म्हणायचं का? की तिथे बऱ्याच जणांपर्यंत औषधच पोचत नाही? कमी आकड्यालाही जाऊन विचारायला लागतं, सगळे फक्त जास्तीवाल्यांच्या मागे लागतात.
दुसरं म्हणजे लहान जागा. ज्या दवाखान्यात महिन्याला दहा चिठ्ठ्या तिथे दोन पेशंट वाढले की लगेच वीस टक्के, दोन हजारवाल्याकडे तेच दोन पेशंट दिसणारही नाहीत. म्हणून नुसती क्रमवारी लावली की सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली दोन्हीकडे छोटेच दवाखाने येतात आणि पेपरवाल्यांना बातमी मिळते. आधी वय, वस्ती, मागच्या वर्षी याच महिन्यात काय होतं, एवढं तरी बघा.

हडपसरचा_जीपी
हे बोललात ते पटलं. माझा आकडा मला बंद पाकिटात द्या, माझ्यासारख्याच वस्तीतल्या इतर दवाखान्यांशी ताडून द्या, मी स्वतः बसून बघेन, कदाचित लाजही वाटेल. चव्हाट्यावर नको. उद्या कोणीतरी स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकणार, मग मी खुलासे देत बसू की पेशंट बघू?

वारजेकर
आणि पाकीट न उघडता कपाटात टाकणाऱ्याचं काय करायचं? वर सांगितलेले अमेरिकेतल्या पेनकिलर गोळ्यांचे आकडेही बंदच होते, पेपरवाले कोर्टात भांडले तेव्हा २०१९ ला आकड्यांचा मोठा साठा बाहेर आला. तोपर्यंत मेलेली माणसं मेली. हवं तर डॉक्टरचं नाव झाका, वॉर्डचा आकडा उघडा ठेवा, इतकं तरी.

आकडेमोड
ज्या वॉर्डात दोनच दवाखाने आहेत तिथे नाव झाकून उपयोग काय, चहाच्या टपरीवर पण सांगतील कोण ते.

पेठेतला_मेडिकलवाला
हे टाईप करतोय तोवर गिऱ्हाईक आलं. म्हणे ती गुलाबी पाकिटातली द्या, शेजारच्या काकूंना लागू पडली होती. पाचची स्ट्रिप, म्हणे दोनच कापून द्या. काकू राहतात धनकवडीला, हा आला बिबवेवाडीहून, दुकान माझं पेठेत. लावा कुठल्या वॉर्डात लावता ते. (दिली नाही, आता रुसून समोरच्या दुकानात गेलाय.)