विषय: प्रोटीन फोल्डिंगमध्ये पीएचडी, लेकीसाठी विचारतोय

नमस्कार मंडळी,

फोंड्याला परत येऊन राहिलो तरी लिस्ट रोज वाचतो. लेक गोवा युनिव्हर्सिटीत बायोटेक्नॉलॉजीचं एमएस्सी करतेय, आता शेवटचं वर्ष, आणि प्रोटीन फोल्डिंग (प्रोटीनच्या साखळीला घडी पडून आकार येणं) नि पेशीतलं क्वालिटी कंट्रोल हेच करायचं म्हणून बसलीय. पणजीत एका एजंटकडे गेलो तर त्याने रँकिंगची यादी पुढे ठेवली आणि लगेच लोनचं बोलायला लागला. वर भाचा म्हणतो, अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने हे सगळं सोडवलं, २०२४ चं नोबेलपण मिळालं, आता त्यात उरलंय काय? लिस्टवर या विषयातलं कोणी असेल तर सांगा, बाहेर पाठवू की इथेच कुठे? तिचं मन मोडायचं नाहीये मला.

– फोंड्याहून

---

काका, नमस्कार,

मी म्युनिकला याच विषयात काम करते, माहेर म्हार्दोळ. आधी भाच्याच्या प्रश्नाचं सांगते.

अल्फाफोल्ड सांगतं तो प्रोटीनचा शेवटचा आकार, आणि ते काम खरंच अफाट आहे, रोज वापरतो आम्ही. पण अमिनो ॲसिडची साखळी त्या आकारापर्यंत कुठल्या वाटेने पोचते, कुठे अडकते, आणि अडकली तर पेशी तिला सावरते की तोडून टाकते, हे त्यात दिसत नाही. घडीची माहिती साखळीतच असते हे ॲन्फिन्सन या शास्त्रज्ञाने रायबोन्यूक्लिएज या एन्झाइमवर दाखवलं, १९७२ चं नोबेल त्याचंच, पण ते टेस्ट ट्यूबमध्ये. पेशीच्या आत एवढी दाटी असते की अर्धवट घडी पडलेली प्रोटीनं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो, म्हणून तिथे शॅपरोन, म्हणजे घडी पडायला मदत करणारी प्रोटीनं, लागतात. बॅक्टेरियातलं ग्रोईएल नावाचं शॅपरोन असं एखादं प्रोटीन आपल्या पोकळीत घेतं, वरून ग्रोईएसचं झाकण बसतं आणि आत त्याला एकट्याला घडी पडायला वेळ मिळतो. हार्टल आणि हॉर्विच यांना २०११ चं लास्कर पारितोषिक मिळालं ते याच शॅपरोनच्या कामासाठी. एवढं करून जे सुधारत नाही त्याला युबिक्विटिनची खूण चिकटते आणि पेशीतलं प्रोटिएसोम हे यंत्र त्याचे तुकडे करतं, त्या शोधाला २००४ चं नोबेल.

तिला सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचं वाचायला सांगा. सीएफटीआर नावाचं प्रोटीन, १४८० अमिनो ॲसिडचं, त्यातलं ५०८ व्या जागेवरचं एक नसतं. बरेचसे पेशंट याच बदलाचे. ते प्रोटीन थोडंफार काम करू शकलं असतं, पण पेशीची तपासणी त्याला आतच अडवते आणि मोडीत काढते, बाहेरच्या पडद्यापर्यंत पोचूच देत नाही. आता त्याची घडी सावरणारी औषधं आलीत, तीन औषधांची एकत्र गोळी अमेरिकेत २०१९ ला मंजूर झाली. पार्किन्सन्स, अल्झायमर्स मात्र अजून असे हाताला लागलेले नाहीत. म्हणून म्हणते, उरलंय भरपूर.

रँकिंग बाजूला ठेवा काका, खरंच. या विषयाची दोन टोकं आहेत आणि रोजचं काम पूर्ण वेगळं. एकीकडे शुद्ध केलेलं प्रोटीन घेऊन स्टॉप्ड-फ्लो, एनएमआर अशा यंत्रांवर मिलिसेकंदांतले बदल मोजायचे, गणित आवडायलाच हवं. दुसरीकडे जिवंत पेशी, यीस्ट नाहीतर सी. एलिगन्सचे किडे, जेनेटिक्स, मायक्रोस्कोप. पेशीतल्या ईआर या कप्प्यात घडी बिघडली की पेशी धोक्याचा इशारा कसा देते ते मोरी आणि वॉल्टर यांनी आधी यीस्टमध्येच शोधलं. तिचे हात कुठे रमतात ते वाचून कळणार नाही, डिझर्टेशनला किंवा नंतर सहा महिने अशा लॅबमध्ये बसावंच लागेल. झुआरीनगरच्या बिट्समध्ये बायोलॉजीचा विभाग आहे, तिथे कोणाचं जवळचं काम चालू असेल तर आधी विचारा, नाहीतर पुणे, मुंबई.

इथेच करायचं तरी काही कमी नाही. जयंत उदगावकरांनी बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत आयुष्यभर फोल्डिंगवरच काम केलं, नंतर आयसर पुण्याचे डायरेक्टर झाले. शिवाय टीआयएफआर आहे, हैदराबादचं सीसीएमबी आहे. सीएसआयआर-नेट ही परीक्षा वर्षात दोनदा असते, त्यातून जेआरएफ ही फेलोशिप निघाली की महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. जर्मनीत मास्टर्स लागतं, पण पीएचडीवाल्याला बहुतेक ठिकाणी कॉन्ट्रॅक्टवर पगार असतो. मार्टिन्सरीडची माक्स प्लांक संस्था आणि हायडेलबर्ग ही नावं तिला माहीत असतीलच. युरोपचे मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कपण (पीएचडीच्या जागा देणारे) बघायला सांगा, जिथे जायचं त्या देशात गेल्या तीन वर्षांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही, गोव्यातून अर्ज करणाऱ्याला तो नियम सोयीचाच.

आणि लोन काढू नका. सायन्सच्या पीएचडीत तेच आपल्याला पैसे देतात, पैसे मागणारी सीट असेल तर सोडून द्यायची.

– म्युनिकहून

---

ताईच्या म्हणण्याला माझी भर. मी डिचोलीचा, सध्या बॉस्टनला, दुसऱ्या विषयात पण पीएचडी इथलीच. अमेरिकेत पाच-सहा वर्षं धरून चला, पण पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये रोटेशन (आळीपाळीने काम) मिळतं, त्यामुळे ताई म्हणतात ती दोन टोकं इथे येऊनही चाखता येतात. बऱ्याच डेडलाइन डिसेंबरच्या सुरुवातीला असतात. आणि गाईड ठरवताना त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या दोघातिघांना तरी मेल करून विचारायला सांगा, किती वर्षं लागली, आता कुठे आहात, गाईड भेटतात का. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीने हे विचारलं नव्हतं आणि तिला मधेच सोडून यावं लागलं, फार वाईट वाटतं.

– बॉस्टनहून

---

ताई, दादा,

बाबांच्या आयडीवरून मीच लिहितेय. देव बरें करूं! मला यीस्टवालं टोक आवडेल असं वाटतंय, पण आमच्याकडे यीस्ट जेनेटिक्स हाताने केलेलं नाहीये, थिअरीच झाली. तसं असताना प्रोफेसरांना मेल केला तर चालेल का? आणि त्यात काय लिहू?

---

अगं चालेल. येत नाही ते सरळ लिही, ते शिकवतात. त्यांचा एक पेपर नीट वाच आणि त्यातला तुला न कळलेला किंवा पुढे करून बघावासा वाटलेला एक प्रयोग चार ओळीत लिही, तेवढ्यानेच मेल वाचला जातो. "आपल्या नामांकित लॅबमध्ये" वगैरे नको. सोबत एक पानाचा सीव्ही आणि शिकवणाऱ्या दोघांची नावं. चवथीच्या गडबडीत राहून जाईल म्हणून आधीच मसुदा मला पाठव, मी वाचून खुणा करून देते.

– म्युनिकहून