मदत हवी आहे: पक्षकाराचे कागद एआयला देण्याआधी संमती घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

सांगलीत सिनियरांच्या हाताखाली कौटुंबिक आणि दिवाणी कामं बघते. ऑफिसात चॅटजीपीटी आता रुळलंय. खोट्या साइटेशनबद्दल (निवाड्यांच्या संदर्भांबद्दल) विचारत नाहीये. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि ५,००० डॉलर दंड बसला, हे आता बार रूममध्ये चहावाल्यालाही पाठ असेल. मूळ निवाडा उघडून वाचल्याशिवाय आम्ही तो यादीत घेत नाही.

अडचण वेगळी आहे. पोटगीचं एक काम आलंय (तपशील बदललेत). व्हॉट्सॲप मेसेज, दवाखान्याचे कागद, बँकेचे उतारे, भला मोठा गठ्ठा. सिनियर म्हणतात, सगळं स्कॅन करून टाक, तारीखवार घटनाक्रम लगेच निघेल. निघतोही, आणि चांगला निघतो. पण फुकटच्या खात्यात टाकलेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो. सेटिंग बंद केलं नसेल, तर मॉडेल शिकवायलाही वापरला जाऊ शकतो.

भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ (जुन्या पुरावा कायद्यातलं १२६) म्हणतं की पक्षकारानं वकिलाला सांगितलेलं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायचं नाही. यावर सिनियरांचं म्हणणं, "टायपिस्टला देतोच की आपण!" पण तेच कलम वकिलाच्या कारकुनाला आणि दुभाष्यालाही बांधून ठेवतं. परदेशातल्या सर्व्हरला कोण बांधणार?

केरळ उच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या धोरणात मंजुरी नसलेली क्लाउड साधनं टाळायला सांगितलंय. पण ते तिथल्या जिल्हा न्यायालयांतल्या न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांसाठी, आपल्याला लागू नाही.

वकिलपत्रात एक ओळ घालून भागेल का? पक्षकार बाई न वाचताच सही करतील, "तुम्हीच बघा वकीलबाई" म्हणून. आणि नावं खोडली तरी गाव, डेअरी, दवाखाना एवढ्यावर आमच्या तालुक्यात कुणीही माणूस ओळखेल.

सातारकर_वकील: ताई, वकिलपत्रात घालू नका, वेगळा कागद करा. काय देणार, कुठल्या साधनाला, कशासाठी, हे मराठीत लिहा, वाचून दाखवा, मग सही घ्या. नाही म्हणाल्या तर हातानं घटनाक्रम काढायचा, त्याला इलाज नाही. दवाखान्याचे कागद मी तरी कधीच देत नाही. आणि निघालेली प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडून बघा. मेसेजमधलं ५/६ म्हणजे पाच जून, यंत्र ते सहा मे धरू शकतं.

धागाकर्ती: आभारी आहे दादा. वेगळ्या कागदाचं पटलं, मसुदा आजच करते. आता हे सिनियरांच्या गळी कसं उतरवायचं, तेही कुणीतरी सांगा.