योगा मॅटला पडलेली दोन भोकं

रविवार, सकाळी ९.१२

रेवती सावंत, ए-७०४: सुप्रभात. फोटो नीट बघा सगळ्यांनी. ही माझी योगा मॅट. मधोमध दोन भोकं आहेत, बुटाच्या मापाची. वेदने काल रात्री कात्रीने कापली, एकेक तुकडा बुटात घातला आणि वर त्याच्या बाबांचे जेलवाले सोल. विचारलं तर म्हणतो, "सोहमच्या बाबांनी सांगितलंय, असं केलं की उंची १४० सेंटीमीटर भरते, मग अबूधाबीच्या रोलर कोस्टरवर बसू देतात." भोईर दादा, खरं आहे का हे?

संदीप भोईर, बी-११०२: वहिनी, सकाळी सकाळी सगळ्या ग्रुपवर कशाला? फोन करायचा ना.

रेवती सावंत, ए-७०४: केला. दोनदा. तुम्ही उचलला नाही.

संदीप भोईर, बी-११०२: जिममध्ये होतो. हो, सांगितलं मी. त्यात काय एवढं? सोहम १३६ आहे, वेद त्याच्याहून थोडा कमी. चार सेंटीमीटरसाठी पोरांनी तिकडे जाऊन खाली उभं राहायचं का? स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी त्याला शब्द दिलाय, तिथल्या फेरारी वर्ल्डच्या फॉर्म्युला रोसा कोस्टरमध्ये बसवीन म्हणून. आणि मी स्वतः बाजूला बसणार आहे.

महेश नाईक, ए-३०१: नमस्कार. अबूधाबी ट्रिप. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा स्पष्ट फोटो आज रात्री दहापर्यंत मला वैयक्तिक पाठवावा. ग्रुपवर टाकू नये. अकरापैकी सात कुटुंबांचे आले.

परब, सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. ट्रिपचा वेगळा ग्रुप केला आहे. कृपया तिकडे बोलावे.

रेवती सावंत, ए-७०४: परब साहेब, तिकडे सगळे फक्त मॉलचे फोटो टाकतात. इथे बोलते कारण शिबू, आर्या, वेद, सोहम सगळी पोरं एकाच ग्राउंडवर खेळतात आणि ही युक्ती शुक्रवारपासून सगळ्यांकडे पोचली आहे. बी विंगच्या दोन आयांनी मला सांगितलंय.

प्रशांत साळवी, सी-६०१: व्हिडिओ फॉरवर्ड केलाय बघा. कोस्टरवर लोक अर्ध्यात अडकलेत. अशा ठिकाणी पोरांना न्यायचंच कशाला? त्यापेक्षा आपल्या बी विंगच्या लिफ्टमध्ये बसवा, तीही अर्ध्यात थांबते. देखभालीच्या कराराचे पैसे भरून वर मोफत थरार.

कविता म्हात्रे, बी-९०४: साळवी भाऊ, लिफ्टचं बोलूच नका. परवा सासूबाई दूध घेऊन वीस मिनिटं आत होत्या.

परब, सेक्रेटरी: लिफ्टचा पार्ट मंगळवारी येत आहे. नोटीस लावलेली आहे.

देशपांडे काका, सी-२०२: साळवी, अडकलेल्या गाडीचा तो व्हिडिओ तेवढा घाबरण्यासारखा नाही. चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये क्रेन आणि होइस्टच्या मेंटेनन्समध्ये काढली, म्हणून लिहितो. कोस्टरचा ट्रॅक लोकलच्या सिग्नलसारखा तुकड्यांत वाटलेला असतो. पुढची गाडी तिच्या तुकड्यातून बाहेर पडल्याचं सेन्सरने सांगितलं नाही तर मागची आपोआप थांबते. खाली लोक ओरडतात "बिघडली, बिघडली", पण ती थांबली म्हणजे यंत्रणेने आपलं काम केलं. बहुतेक नव्या कोस्टरांत शेवटचे ब्रेक कायम चुंबकांचे असतात, वीज गेली तरी लागतात.

प्रशांत साळवी, सी-६०१: मग वहिनींनी घाबरायचं कारण काय?

देशपांडे काका, सी-२०२: तेच सांगतो, जरा थांबा. टाइप करायला वेळ लागतो.

महेश नाईक, ए-३०१: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो. आज रात्री दहा. सात आले, चार बाकी. नावं घेत नाही.

देशपांडे काका, सी-२०२: गाडीला रुळावर चाकं तीन बाजूंनी असतात. एक जोडी रुळाच्या वर, एक बाजूला, एक रुळाच्या खालून. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जॉन मिलर नावाच्या इंजिनियरने खालच्या चाकाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून उंच उंच कोस्टर बांधणं शक्य झालं. गाडी रुळ सोडून उडू शकत नाही. पण भोईर, पोराला गाडीशी धरून ठेवायला अशी तीन बाजूंची चाकं नाहीत. तिथे असतो फक्त बार आणि पट्टा. तो बार मांडीच्या मुळाशी, कमरेच्या हाडाजवळ टेकला तरच धरतो. उंचीचं माप त्या बारसाठी आहे. बुटात पॅड घातल्याने टाच वर जाते, मांडी आणि कंबर होती तिथेच राहतात.

तन्वी कदम, ए-१००३: काका, एकदम बरोबर. मी गेल्या वर्षी बसले होते तिथे. सुरुवातीला इमारतीच्या आत असता, गॉगल देतात घालायला, कारण बाहेर वाळू आणि किडे डोळ्यांत जातील. मग काही कळायच्या आत पाठ सीटला चिकटते. गालांची कातडी कानाकडे ओढली जाते हे मला तोवर माहीत नव्हतं. २४० किलोमीटरचा वेग, पाचेक सेकंदांत. आणि लगेच ५२ मीटरची चढण. वर पोचताना मी सीटवरून उचलली गेले. खरोखर उचलली. बार होता म्हणून.

आदित्य म्हात्रे, बी-९०४: २४० म्हणजे ठाण्याहून सीएसएमटी साडेआठ मिनिटांत. ९.०२ च्या डोंबिवली फास्टला हे बसवा.

प्रशांत साळवी, सी-६०१: आणि मुलुंडला चढणाऱ्यांना गॉगल.

कविता म्हात्रे, बी-९०४: आदित्य, अभ्यास.

देशपांडे काका, सी-२०२: तन्वीने म्हटलं ते उचललं जाणं महत्त्वाचं. हिशेब केला. पाच सेकंदांत २४० म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सव्वापटीहून थोडा जास्त जोर मागे. तो सीट सोसते, त्याची भीती नाही. भीती चढणीच्या माथ्यावर. तिथे गाडी खाली वळते आणि माणूस सरळ जाऊ बघतो. गायमुखच्या खड्ड्यात रिक्षा आदळली की मागच्या सीटवरचा जसा टपाला लागतो, तसं. फरक इतकाच की रिक्षाला टप आहे.

संदीप भोईर, बी-११०२: काका, तुमचा मान राखून बोलतो. बनवणाऱ्यांनी थोडी सूट धरलेलीच असणार. १४० लिहितात तेव्हा १३५ पण चालत असणार. सगळीकडे असंच असतं. पुलावर दहा टनाचा बोर्ड असतो, पंधरा टनाचे डंपर जातात.

रेवती सावंत, ए-७०४: आणि मग पूल कसे होतात ते रोज बघतोच की आपण.

संदीप भोईर, बी-११०२: वहिनी, तुम्हाला पोरांची काळजी आहे की सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा ठराव माझ्या बाजूने झाला त्याचा राग? तेवढं स्पष्ट सांगा.

[रेवती सावंत यांनी हा संदेश काढून टाकला]

परब, सेक्रेटरी: पार्किंगचा विषय नको. विनंती.

गोडबोले काकू, ए-१०१: मी पण ट्रिपला आहे आणि मी पण बसणार आहे. एस्सेलवर्ल्ड नवं होतं तेव्हा गोराईच्या बोटीतून जाऊन सगळ्या राइड केल्यात मी, साडी नेसून. ६७ वय आहे. उंची १५२.

डॉ. शिंदे, बी-४०३: काकू, तुमची बीपीची गोळी मीच वाढवली आहे जूनमध्ये. राइडच्या बाहेर पाटी असते: हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण. यातल्या दोन गोष्टी तुम्हाला आहेत.

गोडबोले काकू, ए-१०१: डॉक्टर, माझी दुखणी ग्रुपवर कशाला वाचता? घरी येऊन सांगायचं होतं.

डॉ. शिंदे, बी-४०३: चुकलं काकू. मनापासून माफी. संध्याकाळी येतो, बीपी बघतो, चहा घेतो, मग बोलू.

प्रशांत साळवी, सी-६०१: डॉक्टर, मुतखडा चालतो का?

डॉ. शिंदे, बी-४०३: तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, ग्रुपवर नाव मी काढलेलं नाही. यावर खरंच प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या डॉक्टरांना रुग्ण सांगायचे की फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या बिग थंडर माउंटन कोस्टरवर बसलो आणि खडा पडला. त्यांनी मूत्रपिंडाची थ्रीडी प्रिंट केलेली प्रतिकृती घेतली, तिच्यात खडे घातले आणि ती पाठपिशवीत ठेवून पुन्हा पुन्हा राइड केली. २०१६ मध्ये छापून आलं. मागच्या सीटवर साधारण ६४ टक्के वेळा खडा पुढे सरकला, पुढच्या सीटवर १७ टक्के. २०१८ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं, गमतीशीर संशोधनाला देतात ते.

प्रशांत साळवी, सी-६०१: नाईक साहेब, माझं नाव घाला ट्रिपला. मागची सीट.

डॉ. शिंदे, बी-४०३: ऐका पूर्ण. ती गाडी खडखडत जाणारी, वळणांची आहे, सुसाट जाणारी नाही. प्रयोग प्रतिकृतीवर झाला, माणसावर नाही. मोठा खडा नळीत अडकला तर परदेशात कळा घेत हॉस्पिटल शोधाल. आधी सोनोग्राफी घेऊन या.

महेश नाईक, ए-३०१: साळवी, बुकिंग ऑगस्टमध्येच बंद झालं. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो. आठ आले, तीन बाकी.

दुपारी १.४०

रेवती सावंत, ए-७०४: मघाशी रागात लिहिलं होतं, ते काढलं. आता शांतपणे लिहिते.

मी नऊ वर्षांची, माझा भाऊ सात. गावच्या जत्रेत टोराटोरा आला होता. तिकीटवाल्याने विचारलं, "लहानगा बसेल का?" बाबा म्हणाले, "बसेल, ताई आहे ना." आमच्या पाळण्याच्या बारची पिन सुतळीने बांधलेली होती. माझ्या मांडीवर बार टेकला, भावाच्या मांडीवर चार बोटं जागा राहिली. दुसऱ्या फेरीला पाळणा वर गेला आणि तो बारखालून सरकायला लागला. मी त्याची कॉलर धरली. शर्टाची वरची दोन बटणं तुटून गेली, तिसरं टिकलं. खाली बाबा हात हलवून हसत होते, त्यांना वाटलं आम्ही मजेत ओरडतोय.

भोईर दादा, तिथल्या पार्कात सुतळी नसणार, हे मला कळतं. पण ती चार बोटांची जागा बार सुतळीचा असो की लाखो डॉलरचा, तेवढीच राहते. तुम्ही बाजूला बसाल. मीही बाजूलाच बसले होते.

कविता म्हात्रे, बी-९०४: बाई गं.

गोडबोले काकू, ए-१०१: रेवती, इतक्या वर्षांत हे कधी बोलली नाहीस.

तन्वी कदम, ए-१००३: भोईर काका, एक सांगू? तिथे फक्त तीच राइड नाहीये. कमी उंचीच्या मुलांसाठी खूप आहे, मुलांना स्वतः चालवायच्या छोट्या गाड्या आहेत. आणि रोसा इमारतीबाहेर जाते तिकडे नजर ठेवली तर ती बाहेर पडताना दिसते. आवाज आधी येतो.

देशपांडे काका, सी-२०२: भोईर, तुमच्या सूट धरण्याच्या मुद्द्याचं उत्तर राहिलं. सूट लोखंडात धरतात. मी स्वतः क्रेनची टेस्ट सव्वापट वजनाने घेतलीय. हाडामांसात सूट धरता येत नाही. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मान नाजूक. ते माप चार सेंटीमीटरने फसवायचं म्हणजे गेटवरच्या माणसाला नाही, आपल्याच पोराला फसवणं.

महेश नाईक, ए-३०१: पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो. दोन बाकी. त्यातलं एक कुटुंब सकाळपासून ग्रुपवर ऑनलाइन आहे.

संध्याकाळी ७.५५

संदीप भोईर, बी-११०२: लॉबीत होतो आम्ही. देशपांडे काकांनी स्टीलची टेप आणली. पोरं अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर वही आडवी. सोहम १३५.५. घरी मी मोजलं होतं ते मोजे घालून. वेद १३४. आर्या १४१, ती उड्या मारतेय.

संदीप भोईर, बी-११०२: सोहमला मी सांगितलं. आधी बोललाच नाही, मग जिन्यात जाऊन रडला. शब्द मी दिला होता, मोडतोयही मीच, हे त्याला तसंच सांगितलं.

डॉ. शिंदे, बी-४०३: या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढतात मुलं. पुढच्या दिवाळीपर्यंत पोचेल तो.

संदीप भोईर, बी-११०२: तेच सांगितलंय. वहिनी, सकाळचं पार्किंगचं बोललो ते मागे घेतो. मॅट नवी आणून देतो, जाडी सांगा.

रेवती सावंत, ए-७०४: मॅट राहू दे दादा. तिकडे रोसाच्या वेळी वेद आणि सोहम दोघांना मी खाली सांभाळते. तुम्ही जाऊन या.

संदीप भोईर, बी-११०२: नको. मी सोहमबरोबर खाली थांबणार. पुढच्या वेळी दोघं एकत्र बसू. तुम्ही जा वर.

रेवती सावंत, ए-७०४: मी? त्या जत्रेनंतर साध्या पाळण्यातही बसले नाही मी.

गोडबोले काकू, ए-१०१: डॉक्टर येऊन गेले. मला नाही म्हणाले. रेवती, तू जा आणि येऊन मला सगळं सांग, गालांचं वगैरे.

रेवती सावंत, ए-७०४: बघते काकू. तिथे गेल्यावर बघते.

देशपांडे काका, सी-२०२: परब, लॉबीच्या डाव्या खांबावर तीन खुणा केल्या आहेत. नाव आणि आजची तारीख घातली आहे. पुढच्या दिवाळीला तिथेच मोजायचं ठरलंय. कृपया पुसायला लावू नका.

परब, सेक्रेटरी: पेन्सिल आहे ना? पेन असेल तर रंगाचा खर्च येईल.

देशपांडे काका, सी-२०२: पेन्सिल.

परब, सेक्रेटरी: मग चालेल.

महेश नाईक, ए-३०१: भोईर, पासपोर्ट.

संदीप भोईर, बी-११०२: पाठवला बघा. दोन्ही पानं.