मदत हवी आहे: परसबागेसाठी बियाणं टपालाने कुठून मागवावं?

आम्ही गुहागरकडचे. मृगाआधी पडवळ, दोडकी, चिबूड, लाल माठ यांचं बी हातात हवंय. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं पाकीट सादळून आलं. त्यावर ना उगवणक्षमता, ना चाचणीची तारीख. पडवळाचा मांडव रिकामाच राहिला. दापोली कृषी विद्यापीठाचे 'कोकण श्वेता' पडवळ आणि 'कोकण हरिता' दोडका हे वाण घ्यायचा विचार आहे. ते घरपोच कोण पाठवतं? संकरित नको, पुढच्या वर्षासाठी बी धरता आलं पाहिजे. (आईला विकतचं बी मुळात पटतच नाही, ती राखेत ठेवलेलंच वापरते!) शिवाय पॅकिंग हवाबंद असावं, इथली हवा तुम्हाला माहीतच आहे. स्वतः मागवून पेरलेलं असेल तर नक्की सांगा.