आटवल्यावर गाय दाबून चारा म्हणे!

मुरबाडचा_गोठा:
काल इथं एकाने लिहिलंय, आटवल्यावर, म्हणजे दूध बंद केल्यावर, व्यायच्या आधीचे शेवटचे दोन महिने पेंड-भरडा दाबून चारा, गाय जेवढी भरलेली तेवढी व्यायल्यावर लवकर गाभ धरते. वाचून डोकंच फिरलं, कारण मी नेमकं हेच करून बसलोय. एचएफ क्रॉस, म्हणजे संकरित होल्स्टीन गाय, तिसरं वेत. शेपटीच्या मुळाशी खड्डा असतो ना, तिथं बोट दाबलं तरी हाड लागेना, नुसती गादी. व्यायली आणि खुराकाला तोंड लावेना, तोंडाला गोडसर वास, महिन्याभरात पाठीची हाडं वर. दूध निघतंय पण पोटात काही जात नाही, मग अंगातली चरबी वितळून लिव्हरवर बसते. माज, म्हणजे गाभ धरायची वेळ, येणार कुठून? पाच महिने रिकामी राहिली. गाईच्या अंगाला, म्हणजे चरबीला, एक ते पाच गुण देतात; पाचपैकी तीन ते साडेतीन अंगावर व्याली पाहिजे, पुढे अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरू द्यायची नाही.

शहापूरकर:
तुमच्याकडे घालायला आहे म्हणून हे बोलणं. आमच्याकडे भाताचा पेंढा आणि वर मूठभर पेंड. दोनवर व्यातात गाई, बरगड्या मोजून घ्या. त्याही चार-चार महिने माजावर येत नाहीत. लठ्ठपणाची भीती घालून लोकांचा खुराक तोडू नका!

मुरबाडचा_गोठा:
तोडा असं कुठे लिहिलंय? अंगाने भरायची ती दूध चालू असतानाच, आटवायच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत. भाकड असताना आहे तेवढं अंग टिकवायचं. आणि पेंढा कसदार व्हायला त्याला युरिया करा, शंभर किलोला चार किलो, तीन आठवडे झाकून ठेवा.

बदलापूर_७२:
युरिया??? शेजारच्या दोन गाई त्यानेच गेल्या, पोट फुगून तासाभरात, मी स्वतः उभा होतो तिथं. असले सल्ले देऊ नका.

मुरबाडचा_गोठा:
पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा असतो हो, खडा पोटात गेला की जनावर जाणारच. उघडल्यावर वाफ जाऊ द्यायची, मग घालायचा.

बदलापूर_७२:
तुम्हीच घाला. आणि अंग-अंग काय लावलंय, खरा घोटाळा कृत्रिम रेतनाचा आहे. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करायचं, आमचा रेतनवाला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, पैसे मात्र पूर्ण. तीनदा उलटली गाय, गाभ राहिलीच नाही.

कल्याणची_ताई:
तुमच्यापैकी रात्री अकराला गोठ्यात कोण जातं ते सांगा आधी. मी जाते. आपल्याकडच्या दमट उकाड्यात माज मुका असतो, दिवसा ओरडत नाहीत की चढत नाहीत, रात्री गार झाल्यावर शेपटीला काचेसारखी चिकट तार दिसते, ती सकाळपर्यंत वाळून जाते. फोन करायलाच तुम्हाला बारा तास उशीर होतो आणि शिव्या त्या माणसाला.

बदलापूर_७२:
म्हणजे आम्ही गाई बघत नाही?? तीस वर्षं धारा काढतोय मी.

कल्याणची_ताई:
धार काढताना कास दिसते, दादा. शेपूट बघायला मागे उभं राहावं लागतं.

शहापूरकर:
भांडा तुम्ही. आटवायच्या आधी अंगाने भरायची हे पटलं, एवढंच. माझी एक दिवाळीनंतर आटवायची आहे, तिला आजपासून अर्धा किलो भरडा वाढवतो. युरियाचं मात्र घरात नावसुद्धा काढणार नाही.