मामा तलावावर पोरांना गरी टाकायला न्यायचं आहे, काय काळजी घ्यावी?

साकोलीची सून:
माझं सासर साकोली तालुक्यात. होळीला गावी जातो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची, दोघंही नागपुरात वाढलेली. मासा म्हणजे बाजारातून कापून आणलेला, एवढंच त्यांना माहीत. यंदा एक सकाळ डबा घेऊन गावच्या मामा तलावावर, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारी) तलावावर न्यायचं म्हणते. यांना गरी टाकता येत नाही. सासरे होते तोवर शिकून घेतलं नाही. कुठं बसावं, काय न्यावं? कुणाला विचारावं लागतं का? आणि पाच वर्षांची पोर पाण्याजवळ न्यावी की नाही?

पाळीवरचा:
ताई, आधी विचारायचं. मालगुजारी 1951 ला गेली, तलाव सरकारजमा झाले, पण मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या सोसायटीकडे असते. त्यांनी पैसे भरून बोटुकली (माशांची पिल्लं) सोडलेली असते. माझा बाप अशाच सोसायटीचा मेंबर. आदल्या दिवशी अध्यक्षाच्या घरी जाऊन सांगा, पोरांना घेऊन बसतो, दोन-चार बारके धरतो. नाही कोणी म्हणत नाही. न विचारता बसलं तर बोलणं खावं लागते, अन् ते बरोबरच आहे.

सामान विकत आणू नका. पोराच्या उंचीच्या दीडपट बांबूची काडी, तेवढाच तंगूस (नायलॉनचा दोरा), बारकी गरी, तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. झालं. फक्त गरीचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका. मासा सुटून जाईल, जाऊ द्या. हे मी कानानं शिकलो. पोरानं मागं न पाहता काडी फिरवली अन् गरी माझ्या कानाच्या पाळीत. ओढली तर निघेना. दवाखान्यात ती पुढं काढून, काटा छाटून, मग मागं घेतली. पोट्टं बाहेर आल्यावर विचारते, "बाबा, तुम्ही किती किलोचे?"

गांडुळं मोरीचं पाणी जाते तिथं खणा. माझी पोरगी त्यातच रमली, गरीला तिनं हातही लावला नाही.

बसायचं धुण्याच्या घाटावर, बाया यायच्या आत, सहा ते आठ. तिथं पायाखाली दगड पक्का असते अन् खरकट्याला बारके मासे येतात. पाळीकडं, म्हणजे तलावाच्या बांधाकडं, पाणी खोल. समोरच्या अंगाला होळीपर्यंत पाणी मागं सरकून गाळ उघडा पडते, वरून वाळलेला दिसते अन् मोठा माणूस गुडघ्यापर्यंत जाते. तुडुमाकडं, म्हणजे पाणी सोडायच्या दाराकडं, तर फिरकूच नका.

अर्जुनीकर मावशी:
शिंगी मासळी लागली तर हातात धरू देऊ नका, तिच्या काट्यात विष असते. टोचलंच तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास हात बुडवून ठेवायचा अन् मग डॉक्टरला दाखवायचं. थर्मासमध्ये चहाऐवजी पाणी न्या.

एक बाप:
एका पोरामागे एक मोठा माणूस, आणि त्या माणसाचा मोबाईल घरी. फोटो नंतर काढा.

साकोलीची सून:
जाऊन आलो. अध्यक्षकाका नाही तर म्हणालेच नाहीत, उलट स्वतःच येऊन घाटावर बसले आणि यांना गाठ मारायला शिकवली. मुलाचा धांडा तीनदा बुडाला, तीनदा त्यानं घाईनं उपसला. चौथ्यांदा बोटाएवढा मासा आला, तो बादलीत टाकून पोरगा तासभर बादलीजवळून हलला नाही. जेवायचा रोहू शेवटी काकांच्या जाळ्यातलाच. पोरीनं मात्र गांडुळं एकही गरीला लावू दिली नाहीत. डब्यात मातीसकट नागपूरला आणलीत, तुळशीच्या कुंडीत सोडलीत आणि रोज सकाळी विचारते, जेवली का ती? काय घालू, पाळीवरचे दादा?

पाळीवरचा:
वाळका पाला टाका, अन् माती ओली ठेवा. गरी पुढच्या होळीला.