हॅबेनारियाची पानं पिवळी पडताहेत, पाणी वाढवू का?

शेडनेटवाली, नाशिक
नारिंगी फुलांची हॅबेनारिया रोडोचायला (एक ऑर्किड) पॉलीहाऊसमध्ये लावली आहे. सप्टेंबरात मस्त फुलली. आता नोव्हेंबर लागला आणि पानं टोकाकडून पिवळी पडून लोळायला लागली. शेजारचे फॅलेनॉप्सिस ऑर्किड ठणठणीत आहेत, फॉगर (धुक्यासारखं पाणी फवारणारं यंत्र) सगळ्यांना एकच. खत कमी पडतंय का?

हिरवा_कट्टा
पाणी वाढवा. सीवीडचा (समुद्री शेवाळाच्या अर्काचा) फवारा मारून बघा.

कंदकाका, सातारा
ताई, पाणी अजिबात वाढवू नका! झाड मरत नाहीये, झोपायला चाललंय. फॅलेनॉप्सिस झाडावरचं ऑर्किड, त्याला बारा महिने ओल चालते. हे जमिनीतलं, कंदावर जगणारं. आपल्या सह्याद्रीतल्या हॅबेनारियाही असंच करतात: पावसात उगवायचं, फुलायचं आणि पाऊस सरला की जमिनीखाली गडप. संत्र्याला बहारासाठी पाणी तोडून ताण देतात ना, तसा हिलाही ताण हवा.

पानं पूर्ण वाळू द्या, हिरवी असताना कापू नका. त्यांतला रस नव्या कंदात उतरतोय. जुना कंद पोकळ, सुरकुतलेला होतो, शेजारी नवा पांढुरका, घट्ट कंद तयार होतो. या दिवसांत ओल राहिली की तो कुजलाच म्हणून समजा. कोंब वर दिसल्याशिवाय पाणी सुरू करायचं नाही, मग ते एप्रिल असो की मे. सुरू कराल तेव्हा पावसाचं किंवा आरओचं. बोअरच्या क्षारांनी मुळं जळतात.

आणि कुंडीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. रिकामी समजून घरचे त्यात कोथिंबीर पेरतात!

शेडनेटवाली
धन्यवाद काका! भाऊ पुढच्या पावसाळ्यात कासला जाणार आहे. तिथला एखादा कंद आणायला सांगू?

कंदकाका
मुळीच नाही. ते राखीव जंगल आहे, 2012 पासून जागतिक वारसा. शिवाय या झाडांचं तिथल्या मातीतल्या बुरशीशी साटंलोटं असतं. बी धुळीएवढं, पोटात अन्न नाही, बुरशी भेटली तरच रुजतं. कंद आणाल, बुरशी कुठून आणणार? नर्सरीत वाढवलेलेच घ्या.

शेडनेटवाली
बरं. फॉगर बंद करता येणार नाही. कुंडी घरात कपाटावर ठेवली तर?

कंदकाका
उत्तम. पंख्याखाली तेवढी नको, कंद वाळतो. अधूनमधून बोट घालून बघा. अगदीच कोरडठाक लागलं तर कडेने दोन चमचे पाणी, बस्स.